‘मला येत नाही’ म्हणण्याचे धैर्य
(मूल्यशिक्षण : प्राथमिक वर्गांसाठी पाठ, पालक व शिक्षकांसाठी टिपणासह)



चाचणी परीक्षा जवळ आल्या की वर्गात काही शब्द हमखास ऐकू येतात. ‘कॉपी’, ‘चिठ्ठी’, ‘बघून लिहिणे’, ‘जरा सरकून बस ना’. तिसरी-चौथीच्या मुलांना हे शब्द आपण शिकवलेले नसतात, तरी त्यांना ते ठाऊक असतात. मग आपण रागावतो, छडीचा धाक दाखवतो, ‘खोटे बोलू नये’ हा सुविचार फळ्यावर लिहितो, आणि पुढच्या चाचणीला पुन्हा तेच घडते. म्हणून या अंकात प्रामाणिकपणाचा पाठ थोडा वेगळ्या बाजूने घेऊ या. मूल कॉपी करते तेव्हा ते नेमके काय लपवत असते, हा या पाठाचा प्रश्न आहे.

भाग १ : मुलांसाठी

*दामाजीपंतांची गोष्ट*

मुलांनो, बहामनी राज्याची राजधानी आधी आपल्या कलबुर्गीला होती. पुढे पंधराव्या शतकात ती बीदरला आली. बीदरचा किल्ला तुम्ही सहलीत पाहिला असेल. त्या काळी सोलापूरजवळचे मंगळवेढे याच राज्यात होते, आणि संत दामाजीपंत तेथे सरकारी अधिकारी होते, असे परंपरा सांगते. मोठा दुष्काळ पडला. माणसे अन्नावाचून तडफडू लागली. सरकारी कोठारे धान्याने भरलेली होती, पण ते धान्य बादशहाचे होते. दामाजीपंतांनी कोठारे उघडली आणि धान्य लोकांना वाटून टाकले. बादशहाने त्यांना जाब विचारण्यासाठी बीदरला बोलावले. पुढची गोष्ट तुम्ही आजीकडून ऐकली असेल. दामाजीपंत पोचण्यापूर्वीच साक्षात विठ्ठल सेवकाच्या वेशात बीदरच्या दरबारात गेला, धान्याची किंमत मोजली आणि पावती घेतली.

आता एक अवघड प्रश्न. धान्य दामाजीपंतांचे नव्हते. त्यांनी परवानगी घेतली नव्हती. मग ही चोरी झाली का?

घाईने उत्तर देऊ नका. आधी दामाजीपंतांनी काय केले नाही, ते पाहा. त्यांनी रात्री गुपचूप पोती हलवली नाहीत. स्वतःच्या घरी धान्य नेले नाही. हिशोबाच्या वहीत खोटा आकडा लिहिला नाही. कोठाराची दारे त्यांनी सगळ्या गावासमोर उघडली, आणि बोलावणे आल्यावर उत्तर द्यायला ते बीदरच्या वाटेला लागले. जे केले ते उघड केले आणि त्याची जबाबदारी घेतली.

आता परीक्षेत बघून लिहिणारा मुलगा आठवा. तो वहीवर हात आडवा धरतो, बाईंची पाठ कधी फिरते याची वाट पाहतो, चिठ्ठी मोज्यात किंवा कंपासपेटीत ठेवतो. म्हणजे हे लपवायचे काम आहे हे त्याला स्वतःलाच ठाऊक असते. एखादी गोष्ट बरोबर की चूक हे कळेनासे झाले, तर स्वतःला एवढेच विचारा : हे मी बाईंच्या समोर, आईच्या समोर करीन का?

*परीक्षा म्हणजे काय?*

ताप आला की डॉक्टर थर्मामीटर लावतात. समजा, ताप तुम्हाला आहे आणि थर्मामीटर तुम्ही हळूच शेजारच्या मित्राला लावले. आकडा छान येईल. डॉक्टर म्हणतील, ‘काही झालेले नाही, घरी जा.’ औषध मिळणार नाही आणि ताप तसाच राहील. चाचणीसुद्धा तुम्हाला काय येते आणि काय राहिले हे पाहण्यासाठी असते. शेजाऱ्याचे उत्तर लिहिले की तुमचे काय राहिले, ते बाईंना कळतच नाही. मग ते पुन्हा शिकवणार कोण?

*मित्राला सांगावे की नाही?*

हा प्रश्न मुले खऱ्या कळकळीने विचारतात. ‘नाही सांगितले तर तो कट्टी घेतो. आणि मदत करावी असे तुम्हीच सांगता ना?’ मुलांनो, मदत जरूर करावी. मित्राला गणित येत नसेल तर चाचणीच्या आदल्या दिवशी त्याच्याजवळ बसा, समजावून सांगा, वही द्या. ही मदत तुम्ही सगळ्यांसमोर करू शकता. चाचणी चालू असताना उत्तर सांगितले तर त्याला गुण मिळतात, पण गणित येत नाही. मित्र रुसला तर म्हणा, ‘आत्ता नाही, मधल्या सुट्टीत सांगतो.’ आणि सुट्टीत खरोखर सांगा.

*पुण्यकोटीची गोष्ट*

आपल्या राज्यात कन्नड शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला पुण्यकोटी गाय माहीत असते. रानात वाघाने तिला अडवले. वासराला शेवटचे दूध पाजून परत येते, असा शब्द देऊन ती गेली आणि खरोखर परत आली. तिचा खरेपणा पाहून वाघालाच तिला खाणे अशक्य झाले. तिने पळून जायचे ठरवले असते तर तिला कोण अडवणार होते? वाघ तर मागे रानातच राहिला होता. कोणी बघत नसताना माणूस काय करतो, ते या गोष्टीत दिसते. आपल्या बसवकल्याणच्या महात्मा बसवेश्वरांनीही एका प्रसिद्ध वचनात टाळायच्या सात गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांत सर्वांत पहिली चोरी आहे, आणि खोटे बोलणेही आहे. म्हणजे घरात मराठी बोला की शेजारी कन्नड, ही शिकवण दोन्हीकडे एकच आहे.

भाग २ : शिक्षक आणि पालकांसाठी

*मूल अप्रामाणिक असते का?*

‘हा मुलगा प्रामाणिक, तो लबाड’ अशी विभागणी आपण फार लवकर करतो. अमेरिकेत हार्टशोर्न आणि मे या दोन संशोधकांनी हजारो शाळकरी मुलांच्या चाचण्या घेऊन १९२८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुलांचे असे दोन सरळ गट पडत नाहीत, असे त्यांना आढळले. एका तासाला सचोटीने वागणारे मूल दुसऱ्या तासाला नक्कल करते, खेळात खरे वागणारे परीक्षेत खोटे वागते. परिस्थिती बदलली की वागणे बदलते. ही गोष्ट आपल्याला धीर देणारी आहे. मुलावर ‘चोर’ असा शिक्का मारण्यापेक्षा, कोणत्या परिस्थितीत ते नक्कल करते हे शोधणे अधिक उपयोगाचे.

वयाचाही विचार हवा. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी १९३२ च्या ग्रंथात दाखवून दिले की, लहान मुले हेतूपेक्षा नुकसानीकडे पाहतात. चुकून पंधरा कप फोडणारा मुलगा त्यांना चोरून खाऊ घेताना एक कप फोडणाऱ्यापेक्षा जास्त वाईट वाटतो. म्हणून पहिली-दुसरीच्या मुलाला ‘एकच तर उत्तर बघितले’ यात काय बिघडले, हे खरोखर कळत नसते. ते त्याला समजावून द्यावे लागते. त्यासाठी शिक्षा करून भागत नाही.

*धाकाने काय होते?*

व्हिक्टोरिया तल्वार आणि कांग ली यांनी पश्चिम आफ्रिकेतील दोन शाळांतील तीन-चार वर्षांच्या मुलांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. एका शाळेत मारझोड होती, दुसरीत नव्हती. मागे ठेवलेले खेळणे वळून पाहू नका, असे सांगून मोठी व्यक्ती खोलीबाहेर जाई. मोह बहुतेकांना आवरला नाही. फरक पुढे पडला. मार खाणाऱ्या शाळेतील मुले अधिक प्रमाणात खोटे बोलली आणि ते खोटे अधिक सफाईने निभावून नेले. म्हणजे छडीमुळे त्यांचे वागणे सुधारले नव्हते, ती लपवण्यात तरबेज झाली होती. आपल्या देशात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षेला बंदी आहेच, पण बंदी नसती तरी हे लक्षात ठेवावे लागले असते.

गोष्टींच्या बाबतीतही असेच आहे. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण मुलांना हमखास सांगतो. २०१४ मध्ये याच संशोधकांनी तीन ते सात वर्षांच्या मुलांना वेगवेगळ्या गोष्टी सांगून पाहिल्या. खोटे बोलणाऱ्याची फजिती होते, त्या लांडग्याच्या गोष्टीने मुलांच्या खरे बोलण्यात फरक पडला नाही. खरे बोलणाऱ्याचे कौतुक होते, त्या गोष्टीने मात्र पडला. म्हणून वर दामाजीपंत आणि पुण्यकोटी निवडले आहेत.

आणि कौतुकाचेही तसेच. चीनमधील तीन व पाच वर्षांच्या मुलांवरील २०१७ च्या एका अभ्यासात काही मुलांना ‘तू फार हुशार आहेस’ असे म्हटले गेले, तर काहींना ‘हे तू छान केलेस’ असे. ‘हुशार’ ठरलेल्या मुलांनी नंतर अधिक चोरून पाहिले. हुशारीचा शिक्का टिकवण्याचे ओझे लहान जिवाला पेलत नाही. आपल्या घरांत पाहुणे आले की ‘आमचा बंड्या वर्गात पहिला’ असे सांगितले जाते, तेव्हा बंड्याच्या मनात काय चालते याचा विचार व्हावा.

*सीमाभागातील मुलाची अडचण*

बीदर, भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या भागांतील मराठी मुलाला एक जादा ओझे असते. घरी मराठी, बाजारात कन्नड आणि दखनी, शाळेत इंग्रजीही. २०१५ च्या कन्नड भाषा शिक्षण कायद्यानुसार राज्यातील शाळांत कन्नड ही प्रथम किंवा द्वितीय भाषा म्हणून शिकावीच लागते, आणि ज्या राज्यात राहायचे तिथली भाषा यावी हे योग्यच आहे. पण ज्या घरात कन्नड वाचणारे कोणी नाही, त्या घरातले मूल कन्नडच्या तासाला पुष्कळदा अक्षर वाचत नाही, शेजाऱ्याच्या वहीतून त्याचे चित्र काढते. शब्द अचूक उतरतो, गुण मिळतात, आणि हे मूल अजून ‘क’ आणि ‘त’ ओळखत नाही हे कोणालाच कळत नाही.

याचा भुर्दंड त्याला पुढे पडतो. बसवरची पाटी वाचता येत नाही, तालुका कचेरीतला अर्ज दुसऱ्याकडून भरून घ्यावा लागतो, नोकरीच्या परीक्षेत भाषेचा पेपर आडवा येतो. चौथीत शेजाऱ्याची वही होती, पुढे शेजारी नसतो. म्हणून कन्नडच्या तासाला ‘बाई, मला हे वाचता येईना’ असे म्हणणाऱ्या मुलाचे सर्वांत जास्त स्वागत व्हायला हवे.

*दहावीचा कॅमेरा*

प्राथमिकच्या पाठात दहावीचा विषय कशाला, असे वाटेल. पण हे आकडे आपल्या दाराशी आलेले आहेत. २०२३ मध्ये राज्याचा दहावीचा निकाल ८३.८९ टक्के लागला. २०२४ मध्ये परीक्षा केंद्रांत कॅमेरे बसवून थेट देखरेख सुरू झाली. त्या वर्षी कृपागुण वाढवूनसुद्धा निकाल ७३.४० टक्क्यांवर उतरला. २०२५ मध्ये कलबुर्गी जिल्ह्याचा निकाल ४२.४३ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होता.

सगळा दोष कॉपीला देता येणार नाही. कच्चा पाया, घरची गरिबी, कामासाठी होणारे स्थलांतर अशी अनेक कारणे असतात. परंतु एक गोष्ट उघड आहे. ज्या मुलांची उणीव वर्षानुवर्षे झाकली गेली, ती कॅमेऱ्यासमोर एका दिवसात उघडी पडली, आणि तेव्हा ती भरून काढायला वेळ उरला नव्हता. तिसरीत उणीव दिसली तर हातात सात वर्षे असतात.

*मुलाशी कसे बोलावे?*

मूल नक्कल करताना सापडले, तर पुढील पद्धत उपयोगी पडते.

१. वर्गासमोर काही बोलू नये. उत्तरपत्रिका शांतपणे घ्यावी आणि नंतर एकट्याशी बोलावे.

२. पाहिले असेल तर ‘कॉपी केलीस का?’ असे विचारू नये. हा प्रश्न मुलाला खोटे बोलायला लावतो. जे पाहिले ते सरळ सांगावे.

३. ‘का केलेस?’ याऐवजी ‘कुठे अडले?’ असे विचारावे.

४. अडलेला भाग पुन्हा शिकवून दोन-तीन दिवसांनी तेवढीच चाचणी तोंडी घ्यावी. बघून लिहिलेल्या उत्तरांचे गुण मात्र देऊ नयेत. माया करावी, पण चुकीची किंमत पुसून टाकू नये.

५. पालकांना बोलावायचे तर मुलाला आधी सांगून बोलवावे. शक्य असेल तर मुलानेच घरी सांगावे.

असा संवाद साधारण पुढीलप्रमाणे होईल :

“तू शेजारच्या वहीत बघून तीन उत्तरे लिहिलीस, ते मी पाहिले. मारायला बोलावले नाही. कुठे अडले ते दाखव.”

“...”

“पाढे येतात?”

“येतात बाई. पण हातचा कुठे मिळवायचा ते येईना.”

“मग त्या दिवशी वर्गात का नाही विचारलेस?”

“सगळी हसतात.”

शेवटचे दोन शब्द फार महत्त्वाचे आहेत. मुलाची अडचण हातच्याची होती, पण त्याला नक्कल करायला लावले ते वर्गातल्या हसण्याने. आता बाईंना दोन कामे करायची आहेत. मुलाला हातचा शिकवायचा, आणि वर्गाला न हसायला शिकवायचे.

*घरातला अभ्यासक्रम*

पालकांनी काही गोष्टी तपासून पाहाव्यात. बसमध्ये सहा वर्षांपर्यंत तिकीट नसते, म्हणून कंडक्टर जवळ आला की सात वर्षांचे मूल पाच वर्षांचे होते, आणि ते मूल आपल्याकडे बघत असते. फोनवर ‘पप्पा घरी नाहीत म्हणून सांग’ हे त्याच्याच तोंडून वदवले जाते. प्रकल्पवही आई लिहिते, चित्र दुकानातून येते, किल्ल्याची प्रतिकृती मामा करून देतात, आणि बक्षीस मुलाला मिळते. मग एके दिवशी त्याने शेजाऱ्याचे गणित उतरवले तर आपण चकित होतो. अर्धे तिकीट काढा, प्रकल्प वाकडातिकडा होऊ द्या. वाकडा असला तरी तो मुलाने स्वतः केलेला असेल.

आणि गुणपत्रिका हातात आल्यावर पहिला प्रश्न ‘किती मिळाले?’ याऐवजी ‘यातले काय अजून येत नाही?’ असा विचारून पाहा.

भाग ३ : विश्वस्तांसाठी दोन शब्द

गांधीजींच्या आत्मकथेतील ‘केटल’ शब्दाचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. राजकोटच्या शाळेत जाइल्स नावाचे इन्स्पेक्टर आले. त्यांनी पाच इंग्रजी शब्द लिहायला सांगितले. मोहनदासने ‘केटल’चे स्पेलिंग चुकवले. शिक्षकांनी बुटाच्या टोकाने खुणावून शेजाऱ्याची पाटी बघायला सुचवले, पण त्याला ते कळलेच नाही. आपण ही गोष्ट मोहनदासच्या खरेपणासाठी सांगतो. त्यातल्या शिक्षकांकडे मात्र कोणी पाहत नाही. ते वाईट गृहस्थ नसावेत. इन्स्पेक्टरसमोर आपल्या वर्गाची लाज राखायची, एवढीच त्यांची धडपड होती. वरून चांगल्या निकालाची मागणी झाली की खालचा भला माणूसही बुटाचे टोक पुढे करतो.

म्हणून मंडळाच्या बैठकीत केवळ टक्केवारी मागितली जाऊ नये. किती मुलांची उणीव वेळेवर सापडली, त्यांच्यासाठी जादा तास झाले का, कन्नड वाचता न येणारी मुले किती होती आणि आता किती उरली, हेही विचारावे. कमी पण खरा निकाल घेऊन येणाऱ्या शिक्षकाला बैठकीत मान खाली घालावी लागणार नाही, एवढी हमी मंडळाने दिली तर वर्गातली निम्मी नक्कल आपोआप कमी होईल, असे अनुभवी शिक्षक सांगतील.

वर्गात करावयाचे उपक्रम

१. *शंकाचिठ्ठी* : प्रत्येक वर्गात एक डबा ठेवावा. परीक्षेत चिठ्ठी लपवण्यापेक्षा मुलांनी आधीच ‘मला हे येत नाही’ अशी चिठ्ठी त्यात टाकावी. नाव लिहिणे ऐच्छिक. दर शनिवारी शिक्षकांनी डबा उघडून त्यातले शिकवावे.

२. *विक्रेत्याविना दुकान* : पेन्सिल, खोडरबर, वह्या आणि पैशांचा डबा ठेवावा. शनिवारी हिशोब मुलांनीच करावा. पैसे कमी भरले तर कोण चोर हे शोधू नये. हिशोब वर्गासमोर वाचून दाखवावा आणि पुढच्या शनिवारपर्यंत वाट पाहावी.

३. *जोडीचा तास* : चाचणीच्या आदल्या दिवशी कन्नड येणारे आणि न येणारे मूल यांनी एकत्र बसून वाचन करावे.

स्वाध्याय

(अ) चर्चा करा : दामाजीपंतांनी परवानगी न घेता धान्य वाटले. ते योग्य होते का? त्यांनी रात्री गुपचूप वाटले असते तर तुमचे उत्तर बदलले असते का?

(आ) पुण्यकोटीची गोष्ट कन्नड येणाऱ्या मित्राकडून कन्नडमध्ये ऐका. घरी आजी-आजोबांना मराठीत सांगा.

(इ) तुमच्या पेपरात बाईंनी चुकून पाच गुण जास्त दिले आहेत आणि ते फक्त तुम्हालाच कळले आहे. तुम्ही काय कराल? घरातल्या मोठ्यांनाही हाच प्रश्न विचारा व त्यांची उत्तरे लिहून आणा.

(ई) तुम्हाला आज जे येत नाही अशी एक गोष्ट लिहा, आणि ती कोणाला विचारणार हेही लिहा. ही वही तपासताना चूक-बरोबर अशी खूण केली जाणार नाही.